पक्षश्रेष्ठींचं मत आधी की मतदारांचं? सुपरडेलिगेटांबद्दल

ओसरी
मंगळवार, २१:०५

मंडळी, गेल्या आठवड्यात आमच्या मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटावर एकाने पुन्हा लिहिलं, "२०१६ ला सुपरडेलिगेटांनी सँडर्सचं तिकीट पळवलं." दुसऱ्याने लगेच लिहिलं, "पळवलं वगैरे काही नाही, क्लिंटनबाईंना मतंच जास्त होती." रात्री बारापर्यंत दोघं आपापल्या वाक्यावर ठाम. वाद अमेरिकेतल्या डेमोक्रॅटिक पक्षाचा: २०१६ ला राष्ट्राध्यक्षपदाचं तिकीट बर्नी सँडर्सऐवजी हिलरी क्लिंटनना मिळालं. सुपरडेलिगेट म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात पदामुळे आपोआप जागा मिळणारे पुढारी. मला दोन्ही वाक्यं अपुरी वाटतात आणि गटावर एवढं लिहिता येत नाही, म्हणून हा धागा. लांबेल थोडा.

आम्ही न्यू हॅम्पशायरमध्ये, नाशुआला राहतो. ९ फेब्रुवारी २०१६ ला इथली प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारं मतदान, होती. बाहेर बर्फ साचलेला, मतदान केंद्राच्या दारात बुटांवरच्या चिखलपाण्याचं तळं झालेलं. आमच्याकडे मतपत्रिका कागदी असते, नावापुढचा लंबगोल पेनने भरायचा. नोंदणीत कुठल्याच पक्षाचं नाव न लावलेल्या मतदारालाही इथे प्रायमरीत मत देता येतं. टेबलावर सांगायचं कुठल्या पक्षाची पत्रिका हवी, मत द्यायचं, आणि निघताना एका कागदावर सही करून पुन्हा बिनपक्षाचं व्हायचं. मुलगा तेव्हा एकोणीस वर्षांचा होता, त्याचं हे पहिलंच मत. त्याने सँडर्सना दिलं, मी क्लिंटनना.

निकाल लागला: सँडर्स ६० टक्के, क्लिंटन ३८. त्या प्रमाणात अधिवेशनात उमेदवार निवडणारे राज्याचे २४ प्रतिनिधी वाटले गेले, १५ सँडर्सचे, ९ क्लिंटनचे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा भरत होते तेव्हा मुलाने ओट्यावर फोन ठेवला. एका वाहिनीचा तक्ता होता. न्यू हॅम्पशायर: १५–१५. "आई, बावीस टक्क्यांनी जिंकून बरोबरी कशी झाली?"

झालं होतं असं. राज्याच्या वाट्याला २४ शिवाय आणखी आठ प्रतिनिधी होते आणि ते कुणी मतदानाने निवडलेले नव्हते. गव्हर्नर मॅगी हॅसन, सिनेटर जीन शाहीन, काँग्रेसच्या (अमेरिकी संसदेच्या) सदस्य अॅनी कस्टर, आणि पक्षाच्या समित्यांवरची मंडळी. आठांपैकी सहा जणांनी आधीच क्लिंटनना पाठिंबा जाहीर केलेला. नऊ अधिक सहा, पंधरा.

मी क्लिंटनची मतदार. तो आकडा माझ्या बाजूचा होता. तरी मला मुलाला धड उत्तर देता आलं नाही, आणि ती सकाळ मी विसरलेले नाही. त्यानंतर मी या विषयावर हाती लागेल ते वाचत आले.

हे लोक आले कुठून, ते सांगते. १९६८ ची गोष्ट. व्हिएतनाम युद्ध पेटलेलं, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी ३१ मार्चला माघार घेतली, जूनमध्ये रॉबर्ट केनेडींची हत्या झाली. प्रायमरी जिंकल्या होत्या त्या युजीन मॅकार्थी आणि केनेडी यांनी. ऑगस्टमध्ये शिकागोच्या अधिवेशनात तिकीट मिळालं ह्युबर्ट हम्फ्रींना, ज्यांनी एकही प्रायमरी लढवली नव्हती. बाहेर रस्त्यावर पोलीस तरुणांना झोडपत होते आणि आत राज्याराज्यांचे पुढारी नाव पक्कं करत होते. त्याचा एवढा बोभाटा झाला की पुढच्या वर्षी पक्षाने मॅकगव्हर्न–फ्रेझर आयोग नेमला, आणि प्रतिनिधी मतदारांमधूनच आले पाहिजेत असा नियम झाला. आज आपण जी प्रायमरी बघतो ती खऱ्या अर्थाने तिथून सुरू झाली.

मग लंबक दुसरीकडे गेला. १९७२ ला स्वतः मॅकगव्हर्न नव्या नियमांवर तिकीट घेऊन उभे राहिले आणि ४९ राज्यं हरले. १९७६ ला जॉर्जियाचे कार्टर आले, वॉशिंग्टनच्या पुढाऱ्यांना जवळजवळ अनोळखी. ते जिंकले, पण स्वतःच्याच पक्षाच्या खासदारांशी त्यांचं जमलं नाही, आणि १९८० ला टेड केनेडी त्यांच्याविरुद्ध उभे राहिले. कार्टर हरल्यावर नॉर्थ कॅरोलायनाचे गव्हर्नर जिम हंट यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग बसला. खासदार, गव्हर्नर, पक्षाचे पदाधिकारी यांना अधिवेशनात आपोआप जागा द्यायची आणि कुणालाही मत द्यायची मोकळीक ठेवायची, असं ठरलं. ३० टक्के जागा मागितल्या होत्या, १९८४ ला प्रत्यक्षात साधारण १४ टक्के मिळाल्या. हेच सुपरडेलिगेट.

माझं म्हणणं एवढंच आहे. या लोकांनी मतदारांचा कौल कधी उलटवला नाही. नुकसान झालं ते वेगळ्याच जागी: त्यांचं मत मतदारांच्या आधी मोजलं गेलं. ६ जून २०१६ च्या रात्री असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने सुपरडेलिगेटांना फोन करकरून आकडा जमवला आणि क्लिंटन यांना विजयी घोषित केलं. कॅलिफोर्नियाचं मतदान दुसऱ्या दिवशी होतं. कॅलिफोर्निया त्यांनी जिंकलंच, सगळ्या देशात मिळून सँडर्सपेक्षा सुमारे ३७ लाख मतं जास्त मिळवली, मतदारांनी निवडलेल्या प्रतिनिधींतही त्या पुढेच होत्या. स्वच्छ विजय होता तो. पण एक दिवस आधी, ज्यांची नावंही छापली नाहीत अशा लोकांच्या भरवशावर तो जाहीर झाला, आणि त्या विजयाला जो डाग लागला तो अजून निघत नाही. क्लिंटनची मतदार म्हणून मला त्याचं दुःख जास्त आहे.

आता तुमची मतं सांगा. विरोधी असली तरी मांडा, मला ऐकायची आहेत.

दर्यावर्दी
मंगळवार, २१:४०

छान लिहिलंय. एक प्राथमिक शंका. ते ५३८ इलेक्टर आणि हे सुपरडेलिगेट एकच का? आमच्याकडच्या वर्तमानपत्रांत दोन्हींना 'प्रतिनिधी'च म्हणतात.

ओसरी
मंगळवार, २१:५२

नाही, वेगळे. सुपरडेलिगेट पक्षाचं तिकीट ठरताना येतात, उन्हाळ्यातल्या अधिवेशनात. इलेक्टर नोव्हेंबरच्या खऱ्या निवडणुकीनंतर येतात, डिसेंबरमध्ये आपापल्या राज्यात मत देतात, आणि तिथे २७० लागतात. पहिला प्रकार फक्त पक्षाच्या नियमांत आहे, राज्यघटनेत त्याचा उल्लेखही नाही. म्हणूनच पक्ष तो एका बैठकीत बदलू शकतो.

मुळामुठा
मंगळवार, २२:३०

ओसरीताई, धागा आवडला, पण दुसरी बाजू मांडतो. मी पुण्यात एका पक्षाचं काम तीस वर्षं केलं आहे, त्यामुळे हे मला जवळून ठाऊक आहे.

पक्ष ही पाणपोई नव्हे. कुणीही यावं, ओंजळभर प्यावं आणि पुढे जावं, असं चालत नाही. तुम्हीच लिहिलंत की तुमच्याकडे माणूस दहा मिनिटांसाठी पक्षाचा होतो आणि दारातून बाहेर पडताना सही करून पुन्हा मोकळा होतो. त्याच्या मताने तिकीट ठरणार, आणि ज्याने उन्हातान्हात सतरंज्या घातल्या, सभेनंतर त्या झटकून उचलल्या, हरलेल्या निवडणुकीनंतरही कार्यालयाचं कुलूप रोज उघडलं, त्याला मात्र वेगळा आवाज नको? मला हे पटत नाही.

आणि उमेदवाराला जवळून कोण ओळखतं? सोबत काम केलेली माणसं. ब्रिटनमध्ये २०२२ ला काय झालं बघा. हुजूर पक्षाच्या खासदारांच्या शेवटच्या फेरीत सुनक यांना १३७, ट्रस यांना ११३. मग सदस्यांचं मतदान झालं आणि ट्रस ८१,३२६ विरुद्ध ६०,३९९ ने जिंकल्या. पंतप्रधानपदावर पन्नास दिवसही टिकल्या नाहीत. खासदार त्यांच्यासोबत रोज उठत-बसत होते, सदस्यांनी त्यांना व्यासपीठावर पाहिलं होतं. हा फरक मोठा आहे.

चाफा
मंगळवार, २२:४४

मुळामुठा, सतरंज्यांचं वाक्य मनाला लागलं. माझे वडील आयुष्यभर तेच करत आले.

कृष्णाकाठ
बुधवार, ०७:१५

मी अटलांटात राहतो, तेव्हा २००८ चं सांगतो.

आमचे तेव्हाचे खासदार जॉन लुईस. १९६५ ला कृष्णवर्णीयांच्या मतदानहक्काच्या मोर्चात सेल्माच्या पुलावर पोलिसांच्या काठ्या डोक्यावर घेतलेला माणूस. ते क्लिंटन कुटुंबाचे जुने मित्र, त्यांनी २००७ मध्येच हिलरींना पाठिंबा दिला होता. ५ फेब्रुवारी २००८ ला जॉर्जियाची प्रायमरी झाली, ओबामा मोठ्या फरकाने जिंकले. लुईस यांच्या मतदारसंघाने तर ओबामांनाच डोक्यावर घेतलं. तेव्हा आमच्या ऑफिसात, न्हाव्याच्या दुकानात, सगळीकडे हीच चर्चा होती: जॉन लुईस आता काय करणार? फेब्रुवारी संपता संपता त्यांनी बाजू बदलली आणि आपण आपल्या लोकांसोबत जात आहोत असं सांगितलं.

मी तेव्हा नागरिक नव्हतो, मत नव्हतं. पण एक माणूस मैत्री आणि मतदार यांच्यामध्ये उभा आहे आणि अख्खं शहर त्याच्याकडे बघतंय, हे मी पाहिलं. सुपरडेलिगेट म्हणजे बंद खोलीतले कारस्थानी, असं जे चित्र रंगवतात ते मला म्हणून मान्य नाही. त्यांना लाजही असते आणि उद्याची निवडणूकही असते.

शिवाय 'न निवडलेले' हा शब्द जपून वापरायला हवा. लुईस निवडून आलेलेच होते, १९८६ पासून दर दोन वर्षांनी.

ओसरी
बुधवार, ०८:०२

कृष्णाकाठ, लुईस यांची आठवण काढलीत, बरं वाटलं. 'न निवडलेले' बद्दल तुमचं खरं आहे आणि मी तो मुद्दा घाईत सोडला होता. खासदार, सिनेटर, गव्हर्नर हे लोकांनी निवडलेले आहेत, फक्त या कामासाठी नाहीत. कायदा करायला ज्याला निवडलं त्याने माझ्या वतीने तिकीटही ठरवावं, असं मी त्याला सांगितलेलं नसतं.

पण यादी नीट पाहिली तर खासदार अल्पसंख्य आहेत. २०१६ ला सातशेहून थोडे जास्त सुपरडेलिगेट होते, आणि त्यातले निम्म्याहून अधिक पक्षाच्या राष्ट्रीय समितीचे, म्हणजे डीएनसीचे सदस्य. काही राज्य शाखांनी पाठवलेले, काही अध्यक्षांनी नेमलेले. त्यांत लॉबिंगचा व्यवसाय करणारेही होते. मुळामुठा, तुमचे सतरंजीवाले कार्यकर्ते त्या यादीत असते तर माझा आवाज एवढा चढला नसता. यादीतले बरेचसे व्यासपीठावर बसणारे होते.

आणि हो, लुईस शेवटी मतदारांच्या मागे गेले, हे तुम्हीच सांगताय. मग त्यांचं मत मतदारांच्या आधी मोजून काय मिळवलं? महिनोन् महिने क्लिंटन यांची आघाडी फुगलेली दिसली, एवढंच. २००८ ला प्रतिनिधिगृहाच्या तेव्हाच्या सभापती नॅन्सी पेलोसींनी जाहीर सांगितलं होतं की सुपरडेलिगेटांनी मतदारांचा कौल फिरवला तर पक्षाचं नुकसान होईल. ३ जूनला शेवटच्या दोन प्रायमरी झाल्या आणि त्याच दिवशी ते घाऊकपणे ओबामांकडे गेले.

त्रैराशिक
बुधवार, ११:२०

'कधी उलटवला नाही' यात १९८४ चं काय? तिथे तर त्यांनीच निकाल लावला ना?

ओसरी
बुधवार, १३:१०

१९८४ बारकाईने बघण्यासारखं आहे.

मॉन्डेल, गॅरी हार्ट आणि जेसी जॅक्सन अशी लढत होती. ५ जूनला शेवटच्या मोठ्या प्रायमरी झाल्या. मॉन्डेल यांनी न्यू जर्सी जिंकलं, कॅलिफोर्निया हार्टनी जिंकलं. बहुमताला १,९६७ लागत होते आणि मॉन्डेल थोडक्यात मागे. दुसऱ्या दिवशीची सकाळ त्यांनी फोनवर घालवली, एकामागून एक सुपरडेलिगेटांना गाठलं, आणि दुपारच्या सुमारास आकडा जमल्याचं जाहीर केलं. मतांत आणि निवडलेल्या प्रतिनिधींत मॉन्डेल पुढेच होते, म्हणून मी त्याला 'उलटवणं' म्हणत नाही. कमी पडलेलं माप भरून दिलं.

पण मुळामुठांच्या मुद्द्याचं उत्तरही इथेच आहे. सुपरडेलिगेट कशासाठी आणले होते? जिंकू शकेल असा उमेदवार निवडायला जाणत्यांची मदत व्हावी म्हणून. आणि पहिल्याच खेपेला जाणत्यांच्या पसंतीचा उमेदवार ४९ राज्यं हरला. मॉन्डेल यांनी स्वतःचं मिनेसोटा आणि राजधानीचा जिल्हा एवढंच राखलं. मॅकगव्हर्न मतदारांनी निवडले होते, तेही ४९ हरले होते. जवळून ओळखणाऱ्यांना माणूस कळतो हे मला मान्य आहे. देश काय करेल हे त्यांनाही कळत नाही.

मुळामुठा
बुधवार, १३:४८

हे उत्तर चोख आहे. विचार करायला लावणारं आहे. पण ब्रिटनचं उत्तर राहिलंच. जाणत्यांना माणूस कळतो म्हणता, मग माणूस पारखायचं काम त्यांच्याकडून का काढून घेता?

बेळगावकर
बुधवार, १५:३०

वाचणाऱ्या मराठी मंडळींसाठी एक सांगतो. या यादीत आपला एक माणूस आहे. श्री ठाणेदार, जन्म चिकोडीचा, वाढले बेळगावात, १९७९ ला अमेरिकेला गेले. त्यांचं मराठी आत्मचरित्र आमच्या घरी आहे. जानेवारी २०२३ पासून ते मिशिगनमधून, डेट्रॉईटकडच्या मतदारसंघातून डेमोक्रॅटिक पक्षाचे काँग्रेस सदस्य आहेत. म्हणजे नियमाप्रमाणे आपोआप सुपरडेलिगेट. २०१८ ला ते गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत उभे होते आणि तिसरे आले, तेव्हा प्रायमरीत हरणं काय असतं हेही त्यांना ठाऊक.

बेळगावच्या एका साध्या घरातला मुलगा अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार निवडणाऱ्या सभेत हक्काने बसतो, याचा मला अभिमान वाटतो. ती जागा काढून घ्या असं कुणी म्हटलं तर मला वाईट वाटेल, हे प्रामाणिकपणे सांगतो.

ओसरी
बुधवार, १६:१५

बेळगावकर, जागा कुणी काढून घेतलेली नाही. २०१८ ला फक्त मतदानाची वेळ बदलली. बसायचं, बोलायचं, पाठिंबा जाहीर करायचा, सगळं करता येतं.

पाटीपेन्सिल
बुधवार, १६:४०

म्हणजे नक्की काय बदललं २०१८ ला? मला ते नीट कळलेलं नाही.

ओसरी
बुधवार, १९:२५

सांगते. २०१६ नंतर क्लिंटन आणि सँडर्स अशा दोन्ही गटांची माणसं घेऊन एक आयोग झाला, बरीच ओढाताण झाली, आणि २५ ऑगस्ट २०१८ ला शिकागोत डीएनसीने ठराव केला. टॉम पेरेझ अध्यक्ष होते. अधिवेशनात पहिल्या फेरीचं मत फक्त मतदारांनी निवडलेल्या प्रतिनिधींचं. एखाद्याकडे त्यांच्याच जोरावर निर्विवाद बहुमत असेल, म्हणजे सुपरडेलिगेटांनी काहीही केलं तरी निकाल बदलणारच नसेल, तर त्यांनाही पहिल्या फेरीत मत देता येतं. बहुमत कुणालाच मिळालं नाही आणि दुसरी फेरी झाली, तर मात्र सगळ्यांना मत.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर महापालिकेतले स्वीकृत नगरसेवक आठवा. अनुभवी म्हणून सभागृहात येतात, विषयावर बोलतात, पण ठराव मताला टाकला की त्यांचा हात मोजला जात नाही. २०१८ नंतर पहिल्या फेरीपुरते सुपरडेलिगेट तसे झाले. दुसऱ्या फेरीत ते पुन्हा पूर्ण सदस्य.

याला विरोधही झाला, आणि तो हलका नव्हता. कृष्णवर्णीय खासदारांच्या गटाचे तेव्हाचे अध्यक्ष सेड्रिक रिचमंड यांनी पेरेझना पत्र लिहून विरोध कळवला. त्या बाजूची अडचण खरी होती: सुपरडेलिगेट म्हणून मत नसेल तर खासदाराला प्रतिनिधीच्या जागेसाठी स्वतःच्याच मतदारसंघातल्या कार्यकर्त्यांशी स्पर्धा करावी लागणार. पिढ्यान् पिढ्या झगडून ज्यांनी त्या सभागृहाचं दार उघडलं त्यांनाच 'तुमचं मत नंतर' म्हणायचं, हे बोचणारच. मी ठरावाच्या बाजूची आहे, तरी त्यांचं म्हणणं वाचून थांबले होते.

दर्यावर्दी
बुधवार, १९:५०

आणि रिपब्लिकन पक्षात?

कृष्णाकाठ
बुधवार, २०:०५

त्यांच्याकडे प्रत्येक राज्याचे तीन आपोआप प्रतिनिधी असतात: राज्याध्यक्ष आणि राष्ट्रीय समितीवरचे दोघं, एक पुरुष, एक स्त्री. पण बहुतेकांना आपल्या राज्याच्या निकालाप्रमाणेच मत द्यावं लागतं. २०१६ ला क्लीव्हलँडच्या अधिवेशनात काही प्रतिनिधींनी 'आम्हाला या बंधनातून मोकळं करा' अशी मागणी केली होती, ट्रम्प यांना अडवायला. सभागृहात गोंधळ झाला, पण मागणी फेटाळली गेली.

त्रैराशिक
बुधवार, २१:३५

आकड्यांच्या बाजूने एक भर घालतो, कारण दुसरी फेरी ही काही कागदावरची कल्पना नाही.

डेमोक्रॅटिक पक्षात प्रतिनिधी मतांच्या प्रमाणात वाटतात, आणि वाटा मिळायला किमान १५ टक्के मतं लागतात. उमेदवार दोन असले तर कुणाला तरी बहुमत मिळतंच. चार-पाच तगडे असले तर ३५, २५, २०, २० अशी विभागणी होऊ शकते. २०२० ला निवडलेले प्रतिनिधी ३,९७९ होते, बहुमताला १,९९१. फेब्रुवारीच्या शेवटी बऱ्याच जणांना वाटत होतं की कुणीच तिथे पोहोचणार नाही. तसं झालं असतं तर दुसऱ्या फेरीत ७७१ सुपरडेलिगेट उतरले असते.

लास व्हेगासच्या वादचर्चेत तेव्हा सगळ्यांना विचारलं गेलं: ज्याच्याकडे सर्वात जास्त प्रतिनिधी असतील त्यालाच तिकीट मिळावं का? एकट्या सँडर्सनी हो म्हटलं. बाकी सगळे म्हणाले, नियमाप्रमाणे होऊ द्या. आणि हेच सँडर्स २०१६ च्या वसंतात मागे होते तेव्हा त्यांची मोहीम सुपरडेलिगेटांना 'आमच्याकडे या' म्हणून सांगत होती. तत्त्व कुठलं आणि सोय कुठली, हे ओळखायला मला तरी हा प्रसंग फार उपयोगी पडला.

अधिवेशनात एकाहून जास्त फेऱ्या शेवटच्या झाल्या १९५२ ला, स्टीव्हन्सन तिसऱ्या फेरीत निवडले गेले. १९२४ ला तर १०३ फेऱ्या लागल्या होत्या.

ओसरी
गुरुवार, ०७:४०

त्रैराशिक, सँडर्सबद्दल तुमचं बरोबर आहे. माझ्या मुलालाही मी तेव्हा हे दाखवलं होतं. तो बराच वेळ गप्प बसला.

पण २०२० मध्ये पुढे जे घडलं त्यात मुळामुठांच्या प्रश्नाचं उत्तर आहे असं मला वाटतं. २६ फेब्रुवारीला साउथ कॅरोलायनाचे खासदार जिम क्लायबर्न यांनी बायडन यांना पाठिंबा जाहीर केला. बायडन तोपर्यंत आयोवात, आमच्याकडे, सगळीकडे मागे पडलेले. आमच्याकडे तर पाचवे आले होते. २९ ला साउथ कॅरोलायनाने त्यांना भरभरून मतं दिली. पुढच्या दोन दिवसांत बुटिजेज आणि क्लोबुचार यांनी माघार घेऊन बायडन यांच्या मागे उभं राहायचं ठरवलं. ३ मार्चच्या सुपर ट्यूजडेला, म्हणजे बऱ्याच राज्यांत एकदम मतदान होतं त्या मंगळवारी, चित्र पालटलं.

क्लायबर्न सुपरडेलिगेट होतेच. पण त्यांचं ते एक मत कुठल्याही तक्त्यात आधी मांडलं गेलं नाही. त्यांनी आपल्या लोकांना सांगितलं, 'मी या माणसाला ओळखतो', आणि लोकांनी ते ऐकलं. ऐकलं नसतं तर तिथेच विषय संपला असता. जाणत्यांनी माणूस जरूर पारखावा आणि काय पारखलं ते आम्हाला सांगावं. आमच्या मतातून त्यांचं वजन पडू दे. मला पाहिजे ते एवढंच.

चाफा
गुरुवार, ०८:१०

हे पटलं.

मुळामुठा
गुरुवार, १२:५५

मलाही बऱ्याच अंशी पटलं, तसं मोकळेपणाने म्हणतो. मग शेवटचा प्रश्न. २०२४ चं काय? तिथे सुपरडेलिगेटांना पहिल्या फेरीत मत नव्हतं, सगळं तुमच्या नव्या नियमाने झालं. तरी उमेदवार अशी निवडली गेली की जिला त्या वर्षी एकाही राज्याच्या प्रायमरीत कुणी मत दिलं नव्हतं. मतदार आधी, हे तत्त्व तिथे कुठे गेलं?

ओसरी
गुरुवार, २१:२०

दिवसभर या प्रश्नावर विचार करत होते.

२१ जुलै २०२४, रविवार. बायडन यांनी माघार घेतली आणि उपराष्ट्राध्यक्ष हॅरिस यांना पाठिंबा दिला. दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत असोसिएटेड प्रेसच्या मोजणीत हॅरिस यांच्याकडे बहुमताएवढे, १,९७६ हून जास्त प्रतिनिधी जमले होते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ऑनलाइन मतदान झालं आणि शिकागोचं अधिवेशन त्यानंतर. हे प्रतिनिधी मतदारांनी निवडलेले होते, पण बायडनसाठी. नियम त्यांना एवढंच सांगतो की ज्यांनी निवडलं त्यांच्या भावना सद्सद्विवेकाने मांडा. हा शब्दही मागच्या एका भांडणातून आलेला. १९८० ला कार्टर यांचे प्रतिनिधी नियमाने बांधलेले होते, केनेडींनी ते बंधन काढायचा प्रयत्न केला आणि हरले. पुढे हंट आयोगाच्या काळात ते सैल झालं. ते सैल झालं नसतं तर २०२४ ला काय पेच पडला असता, याचा विचार करते.

तेव्हा नियम मोडला गेला असं मी म्हणणार नाही. महिन्याभरात पन्नास राज्यांत नव्याने प्रायमरी घेणं शक्य नव्हतं. पण तुमचा प्रश्न खरा आहे, कारण त्याआधीचे तीन आठवडे, बायडन यांनी थांबावं की नाही यावर, पुन्हा खासदार आणि पुढारीच बोलत होते. सुपरडेलिगेट म्हणून मत नसलं तरी वजन होतंच, आणि ते कॅमेऱ्यांसमोर जेवढं पडलं त्याहून जास्त फोनवर पडलं असणार. मला तेव्हा काय हवं होतं ते सांगते. माघारीनंतरच्या दोन-तीन आठवड्यांत इच्छुकांनी चार ठिकाणी समोरासमोर यावं, लोकांनी ऐकावं, आणि मग त्याच प्रतिनिधींनी मत द्यावं. हॅरिसच निवडल्या गेल्या असत्या असं मला आजही वाटतं. माझं मतही त्यांनाच होतं.

आमच्या राज्याचं आणखी एक आहे. त्या वर्षी पक्षाने साउथ कॅरोलायनाला पहिला मान दिला आणि आमची प्रायमरी ग्राह्य धरायला नकार दिला. राज्याने तरी २३ जानेवारीला मतदान घेतलंच. बायडन यांनी पत्रिकेवर नाव दिलं नव्हतं. ज्यांना त्यांना मत द्यायचं होतं त्यांनी शेवटच्या रिकाम्या ओळीवर हाताने नाव लिहायचं आणि शेजारचा लंबगोल भरायचा. मी लिहिलं. मुलगा आता दुसऱ्या राज्यात असतो, त्याला संध्याकाळी फोन करून सांगितलं की आज पत्रिकेवर नाव मीच घातलं. स्पेलिंग चुकलं तर मत बाद होईल या भीतीने मी ते घरी एका पाकिटाच्या मागे दोनदा लिहून बघितलं होतं. ते पाकीट जुलैमध्ये विजेच्या बिलांच्या गठ्ठ्यात सापडलं, माघारीची बातमी आली त्याच आठवड्यात.